एकट्याने युद्धाच्या इतिहासावर डॉक्युमेंटरी: ज्यांचं फुटेजच नाही अशा माणसांची फिल्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या लढाईत गेले आणि त्यातले इतके मेले, बस एवढंच त्यावर लिहिलंय, नावं नाहीत. विचारणाऱ्या दादांना त्यावर तासाभराची डॉक्युमेंटरी करायचीय, नोकरी सांभाळून, टीम नाही, पैसे खिशातले. त्यांना विचारायचंय की एकट्याने हे होतं का, जुनं फुटेज कुठून आणायचं, कॅमेरा कुठला घ्यायचा आणि सुरुवात कुठून करायची.

होतं. मी एकटीच करते, कॅमेरा साउंड एडिट सबटायटल परवानग्यांचे ईमेल सगळं, आणि मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या मराठी पलटणींच्या मागे माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे खाली जे सांगतेय ते त्याच कामातून आलेलं आहे. फक्त तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करणार, फुटेज आणि कॅमेरा शेवटी. आधी हे बघा की पडद्यावर जे प्रत्येक वाक्य येणार ते तुम्हाला कुठून कळलं. मोठ्या चॅनलच्या फिल्मला एक रिसर्चर असतो, एक सल्लागार इतिहासकार असतो, एक एडिटर असतो जो म्हणतो की थांब, हे सिद्ध कुठे होतंय. एकट्या माणसाकडे यातलं कोणीच नसतं आणि युद्ध हा असा विषय आहे की त्यात प्रत्येकाला गोष्ट थोडी मोठी करून सांगायची असते, घरच्यांना, गावाला, पलटणीला, आणि रात्री दोन वाजता एडिटला बसलेल्या तुम्हालासुद्धा.

सुरुवात एका माणसापासून करा, पाटीवरच्या सगळ्यांपासून नको. गावात फिरून असं एक घर शोधा जिथे काहीतरी वस्तू शिल्लक आहे. बहुतेक वेळा ते मेडल असतं. आणि मेडल हातात आलं की पुढची बाजू नंतर बघा, आधी कडा बघा. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, १९१४-१५ चा स्टार असेल तर हेच सगळं मागच्या बाजूला असतं. ही एक ओळ म्हणजे तुमच्या फिल्मचा पाया आहे, कारण घरात फक्त "पणजोबा बसऱ्याला गेले होते" एवढंच माहीत असतं आणि तेवढ्यावर कुठल्याच अर्काइव्हचं दार उघडत नाही. लगेच मॅक्रो फोटो काढा, बाजूने तिरका लाइट टाकून, अक्षरं उठून दिसतात. आणि घरच्यांना हात जोडून सांगा की मेडल चिंचेने किंवा पावडरने घासू नका, घासून घासून कडेवरची अक्षरं गुळगुळीत झालेली मेडलं मी पाहिलीत आणि ती ओळ गेली की परत येत नाही. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं म्हणून अनेक घरांनी ते अडचणीत मोडलं, त्याबद्दल कोणाला दोष देऊ नका, ते का मोडलं हा तुमच्या फिल्ममधला एक चांगला प्रसंग होऊ शकतो.

पलटण कळली की अर्धं काम झालं. इथे एक घोळ आधीच समजून घ्या, कारण नेटवर बरेच लोक इथेच चुकतात. पहिल्या महायुद्धात पलटणींचे नंबर वेगळे होते, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे. १९२२ च्या फेररचनेत त्यांच्या मिळून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, म्हणजे १०३ वी झाली पहिली बटालियन जिला जंगी पलटण म्हणतात, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. त्यामुळे घरातला माणूस "तिसऱ्या मराठात" होता असं कोणी सांगितलं तर तो १९१५ बद्दल बोलतोय की १९४४ बद्दल हे आधी विचारा. आणि मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असंही धरू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत, आपली भरपूर माणसं होती, त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव शापेलला लढल्या आणि तिथे त्यांचं प्रचंड नुकसान झालं. उलट मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमान शिपाईही होते, तेव्हा गावातल्या मुस्लिम वस्तीत पण तेवढ्याच आस्थेने विचारा.

आता नावाचा शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिचा ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे आणि गावात बसून मोबाइलवर बघता येतो. भारतीय शिपायांच्या नोंदीत काही वेळा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा पण सापडतो. पण स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे पवारचं पोवार, जाधवचं जाधाओ किंवा जादव, सखारामचं सकाराम असं सगळं ट्राय करावं लागतं, आडनाव नसेलच तर फक्त नाव आणि पलटण टाकून शोधा. जिल्हेही तेव्हाचे, म्हणजे रायगड नाही कुलाबा, सिंधुदुर्ग नाही रत्नागिरी. दोन सखाराम एकाच पलटणीत सापडले तर जो सोयीचा आहे तो उचलू नका, मेडलवरच्या नंबरशी जुळवा, आणि नंबर नसेल तर पडद्यावर सरळ सांगा की हे दोघे आहेत आणि यातला आपला कोणता ते ठरवता येत नाही. प्रेक्षकाला ते आवडतं, खरंच आवडतं, कारण त्याच्या घरातही अशीच अर्धवट गोष्ट असते.

तुमच्या गावची माणसं इराकमध्ये गेली असतील अशी बरीच शक्यता आहे. सहावी पूना डिव्हिजन तिकडेच होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मार खाऊन ती मागे टायग्रिस नदीकाठच्या कुट या गावाला आली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेला तेव्हा आत साधारण १३,००० माणसं होती. सोडवायला आलेल्या फौजेची जवळपास २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे आत होते त्याहून जास्त. तुमचा माणूस आत होता की बाहेरून सोडवायला येत होता यावर पूर्ण फिल्म बदलते, म्हणून तारीख आणि पलटण दोन्ही नीट लावून घ्या.

मग स्मारकं. इराकमधल्या बसरा मेमोरियलवर ४०,००० हून जास्त माणसांची स्मृती आहे. त्यात ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय ऑफिसरांची नावं आहेत, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणवार नुसता आकडा आहे. इराकमधल्याच अमाऱ्याला टायग्रिस नदीच्या डाव्या तीरावर भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, सुमारे ५,००० माणसं, आणि जवळजवळ सगळ्यांची नावं त्या वेळी लष्कराने नोंदवूनच ठेवली नाहीत. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच एक अहवाल काढून हा भेदभाव झाला हे मान्य केलं आणि माफी मागितली. तुमच्या गावच्या पाटीवर आकडाच का आहे याचं उत्तर बसऱ्यातही आहे, ते एकमेकांसमोर ठेवा, वेगळी कॉमेंटरी लागत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला राग आला होता आणि अजून येतो, आणि माझं मत असं आहे की तो राग फिल्ममध्ये आवाज चढवून दाखवायची गरज नाही, पण लपवायची पण गरज नाही.

कागदपत्रांबद्दल. पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे लढाईच्या काळातल्या रोजच्या नोंदवह्या, लंडनजवळ क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याची, कागदपत्रं आहेत, त्यातच फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, तिथे घरबसल्या खूप काही मिळतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, दिल्लीत युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे जिथे लष्करी इतिहासावर काम चालतं. पत्र लिहा, परत लिहा, आणि पत्रात पलटण नंबर तारीख हे तिन्ही द्या, "माझ्या गावच्या सैनिकांची माहिती हवी" असं मोघम लिहिलं तर कोणी उत्तर देत नाही आणि खरं तर देऊही शकत नाही. एका ठिकाणाहून मला वर्षभर काहीच उत्तर आलं नाही आणि मग दुसऱ्याच टेबलावरच्या एका माणसाने दोन दिवसांत स्कॅन पाठवले, त्यामुळे दार एकच ठोठावून बसू नका.

पण या सगळ्या कागदांची एक मोठी अडचण आहे आणि ती फिल्मच्या मुळाशी जाते. वॉर डायरी गोरा ऑफिसर लिहायचा. तो मेलेल्या गोऱ्या ऑफिसरचं नाव लिहितो आणि खाली लिहितो की इतर हुद्द्यांचे इतके मेले. सेन्सॉरची पत्रं शिपायांची आहेत खरी, पण आपल्याला मिळतात ते इंग्रजीत केलेले तुकडे, मूळ पत्र बहुतेक वेळा नाहीच. आणि शिपायालाही माहीत होतं की पत्र वाचलं जाणार, तो त्या हिशोबाने लिहायचा, शिवाय अनेकांना लिहिता येत नव्हतं म्हणून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. त्यामुळे असा उतारा तुम्ही मराठीत करून व्हॉइसओव्हरमध्ये वाचला की ऐकणाऱ्याला वाटतं हा शिपायाचाच आवाज, म्हणून पडद्यावर लिहा की हा सेन्सॉरने निवडलेला इंग्रजी उतारा आहे. दोन सेकंदांची पाटी लागते फक्त.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. घरच्यांची गोष्ट आणि कागद जुळत नाहीत तेव्हा काय करायचं. पाटण तालुक्यात एका घरात मला सांगितलं गेलं की त्यांचे पणजोबा मशीनगनवर चालून जाताना मेले. कागद सापडला त्यात अमाऱ्याच्या हॉस्पिटलात आमांशाने मृत्यू, एवढंच होतं. घरात पंचाहत्तरीचे आजोबा, फोटोला हार घातलेला, दरवर्षी त्या फोटोपुढे नारळ फोडतात. काय सांगायचं त्यांना? मी बरेच दिवस तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलेच नाही, आधी मेसोपोटेमियातल्या आजारांबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं. तिथे कॉलरा, आमांश, स्कर्व्ही, उष्माघात यांनी माणसं झडत होती. जखमींना नदीतल्या उघड्या बोटींवर जनावरांच्या घाणीत झोपवून खाली आणलं जात होतं, औषधं नाहीत, डॉक्टर कमी. या सगळ्याची चौकशी करायला कमिशन बसलं, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि तो इतका वाईट होता की ब्रिटिश सरकारातला भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे हा आजारपणातला मृत्यू नुसतं नशीब नव्हता, त्यामागे सरकारचा निष्काळजीपणा होता आणि तो त्याच सरकारच्या कमिशनने लिहून ठेवलाय. हे सगळं मी आजोबांना बसून समजावलं, कॅमेरा बंद ठेवून. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे पाणी पण धड दिलं नाही त्यांनी." मग स्वतःच म्हणाले की हे टाका तुमच्या पिक्चरमध्ये. मशीनगनपेक्षा ही गोष्ट मोठी आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आज पण वाटतं. तर नियम एवढाच ठेवा की घरच्यांना कागद आधी दाखवायचा, कॅमेऱ्यासमोर धक्का द्यायचा नाही, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो भाग त्यांच्या नावाशिवाय सांगायचा किंवा सोडायचा. पण मशीनगनची गोष्ट खरी म्हणून सांगायची नाही.

कुटच्या आतल्या गोष्टी सांगताना पण हीच काळजी घ्या. वेढ्यात घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा भारतीय शिपायांनी बरेच आठवडे घोड्याचं मांस नाकारलं, शेवटी एप्रिलमध्ये बरेच जण खायला लागले तोवर अंगात काही राहिलं नव्हतं. इंग्रजी लिखाणात हे बऱ्याचदा "हट्टीपणा" म्हणून येतं. तुम्ही साताऱ्याकडचे आहात, घरी परत गेल्यावर भावकी जेवायला पंगतीला बसू देईल का ही भीती त्या माणसाला किती खरी असेल हे तुम्हाला जास्त कळेल. अशा जागी तुमची फिल्म कुठल्याही परदेशी फिल्मपेक्षा पुढे जाऊ शकते.

फुटेज. कुटच्या वेढ्याच्या आतलं हलतं चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. मेसोपोटेमियातले फोटो आणि थोडं फुटेज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे. तिथे एक फोटो आहे, कुटच्या वेढ्यातून सुटलेला एक भारतीय शिपाई, नुसता हाडांचा सापळा, बसलेला. प्रत्येक जण तो फोटो वापरतो. त्या माणसाचं नाव फोटोसोबत नाही. तुम्ही तुमच्या गावच्या माणसाची गोष्ट सांगत असताना वरून हा फोटो लावला की प्रेक्षक त्याला तुमचा माणूस समजणार, आणि मग तुम्ही एका निनावी माणसाला दुसऱ्याचं नाव देऊन टाकलं, आधीच ज्याचं नाव कोणी लिहिलं नाही त्याचं. वापरायचा असेल तर पूर्ण पडद्यावर, स्वतंत्र, खाली लिहून की हा शिपाई कोण ते नोंदलेलं नाही, आणि दहा सेकंद शांत राहू द्या.

तसंच ते यूट्यूबवर फिरणारं खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचं फुटेज. ते १९१६ सालच्या सोमच्या लढाईवरच्या ब्रिटिश फिल्ममधलं आहे, फ्रान्समधलं आहे, आणि त्यातला तो प्रसिद्ध शॉट प्रत्यक्ष हल्ल्याचा नाही, मुद्दाम करून घेतलेला आहे असं अभ्यासक मानतात. ते कुटखाली लावू नका. हल्ली एआयने जुन्या फोटोला रंग देतात, ओठ हलवतात, शिपायांचे चेहरेच बनवतात, मला हे अजिबात मान्य नाही. पगडी कुठल्या पलटणीची, बिल्ला कुठला, रायफल कुठली, या तपशिलांवर तर आपण एखादा फोटो ओळखतो, आणि एआय नेमकं तेच मनाने भरतं. पुढच्या दहा वर्षांत कोणी नातू आजोबांना शोधायला बसेल आणि त्याला तुमचा बनवलेला चेहरा खरा म्हणून मिळेल, हे ओझं घेऊ नका.

मग पडद्यावर दाखवायचं काय, तर जे आहे ते. मेडलची कडा. डेटाबेसमधली एक ओळ. नकाशा, आणि नकाशा साधा ठेवा, नदी आणि चार नावं. ते शेत जे गहाण पडलं होतं. ते स्टेशन जिथून माणसं मुंबईच्या गोदीकडे गेली. महिना ११ रुपये पगार होता शिपायाचा, त्या ११ रुपयांत तेव्हा घरात काय यायचं हे सांगणारा कोणी जुना हिशोब, एखादी वही. आवाज, जो एकट्या माणसाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. आणि घरातल्या बायका. पुरुष ओट्यावर बसून लढाया सांगतात, पण मनीऑर्डर कधी बंद झाली, पेन्शन कोणी लाटली, विधवेला दिराने काय वागवलं, हे आत चुलीपाशी माहीत असतं. मी बाई असल्यामुळे मला आत जाता येतं, तुम्ही बहिणीला किंवा बायकोला सोबत न्या. जुन्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या विचारा, पलटणीत गेलेल्या भावाची, लेकाची ओवी कोणाला येते का. मिळाली तर ती पूर्ण रेकॉर्ड करा, मधे तोडू नका, त्यांच्या श्वासासकट.

अजून एक, हे कळकळीने सांगते. पाटीवरच्या आकड्यात कोण मोजलं गेलं आणि कोण नाही हे विचारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली होती, माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. त्याशिवाय फॉलोअर म्हणून गेलेले, खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, डोलीवाले, मजूर, यांतल्या अनेकांना मिळालेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून ब्राँझचं असायचं. वस्तीत कोणाकडे काळपट ब्राँझचं मेडल निघालं तर ती फार मोठी गोष्ट आहे. फक्त पाटलाच्या वाड्यावर शूटिंग करून परत येऊ नका.

इराकला जायची हौस आत्ता बाजूला ठेवा. एकट्याने कॅमेरा घेऊन तिकडे फिरणं परवानग्या, सुरक्षा आणि पैसा तिन्ही बाजूंनी जड आहे, आणि बसरा मेमोरियल तर १९९७ मध्ये सरकारी हुकमाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलंय. परदेशात शूट करायचंच असेल तर दुसऱ्या महायुद्धातला इटली सोपा आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकटेच मशीनगनच्या जागेवर चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तिकडे मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सनडायल उभं राहिलं. तिथे प्रशस्तिपत्र छापील आहे, तारीख आहे, जागा आहे. तुमच्या गावच्या माणसाबद्दल एक ओळ आहे. दोन्ही फिल्म करायच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि मला तरी दुसरी जास्त गरजेची वाटते.

पैसे आणि सामान, पटकन. चांगला मोबाइल किंवा सेकंडहँड मिररलेस चालतो, पैसे माइकवर घाला, एक कॉलर माइक आणि एक वेगळा रेकॉर्डर. ट्रायपॉड जड घ्या. एडिटला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं, फक्त टायटलमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट येतात का ते आधीच तपासा. फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारी फोटोंचा क्राउन कॉपीराइट केव्हाच संपलाय, पण चांगल्या स्कॅनचे पैसे संस्था घेते, आणि फुटेजचा दर मिनिटावर चढत जातो, म्हणून एडिट पक्का झाल्याशिवाय एकही लायसन्स घेऊ नका, तोवर वॉटरमार्कवालं वापरा. युद्ध दफनभूमीत ट्रायपॉड लावायच्या आधी वॉर ग्रेव्हज कमिशनला लिहून विचारा. कॅन्टोन्मेंटजवळ ड्रोन उडवू नका, परवानगीचा विचार न करता तर अजिबातच नाही. अनुदानाच्या मागे पहिलं वर्ष घालवू नका, आधी दहा मिनिटं कापून दाखवता येतील एवढं शूट करा, मग मागा.

तासाभराची करू नका असंही माझं मत आहे. एकट्याने पंचवीस मिनिटं घट्ट होतात, साठ मिनिटांसाठी तुम्ही नकळत उगाच भर घालायला लागाल, संगीत, ढग, मावळता सूर्य. आणि एक माणूस आत्ताच ठरवा जो तुमचा पहिला कट बघेल, ज्याला तुमच्या मेहनतीशी देणंघेणं नाही, शाळेतले इतिहासाचे सर असतील, एखादा निवृत्त सुभेदार असेल. त्यांच्या हातात छापील स्क्रिप्ट द्या, प्रत्येक वाक्यासमोर ते कुठून आलं हे लिहिलेलं, आणि ज्या वाक्यासमोर रिकामं आहे ते त्यांना खोडू द्या.

मनावर येतं हेही सांगून ठेवते. मृतांच्या याद्या रात्र रात्र वाचल्यावर, त्याच वयाची मुलं सकाळी एसटी स्टँडवर भरतीच्या तयारीला पळताना दिसली की पोटात कसंतरी होतं. टीम असेल तर संध्याकाळी चहावर बोलून मोकळं होता येतं, एकट्याला ते नाही. सलग शूट लावू नका, मधे आठवडा सोडा, आणि कोणाशी तरी बोला. काही लोक म्हणतील की इंग्रजांसाठी लढलेले भाडोत्री होते, यांच्यावर फिल्म कशाला, काही म्हणतील फक्त शौर्य दाखवा. दोघांनाही ११ रुपये आणि तो गहाण पडलेला तुकडा दाखवा, वाद घालत बसू नका.

फिल्म झाली की पहिला शो गावात, चावडीवर किंवा शाळेत, फेस्टिवलच्या आधी. ज्या घरांत शूट केलं त्यांना पूर्ण न कापलेला इंटरव्ह्यू पेनड्राइव्हवर द्या, सोबत मेडलच्या कडेचा फोटो आणि सापडलेला कागद प्रिंट करून, त्यावर माणसाचं नाव देवनागरीत. संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत, शूटच्या आधी वाचून दाखवून सही घ्या, सही येत नसेल तर कॅमेऱ्यावर तोंडी. तुमच्याकडे मेडल सापडलं तर नंबर आणि पलटण इथे लिहा, घरचं नाव पत्ता काही लिहू नका, मी माझ्याकडच्या याद्यांमध्ये बघून सांगते.